पेशींना न दुखावता वेगळे करणे: हळुवारपणा मोजायचा कशात?

जिवंत पेशी वेगळ्या करणाऱ्या मायक्रोफ्लुइडिक चिपचे, म्हणजे केसाइतक्या बारीक मार्गिकांतून द्रव वाहू देणाऱ्या छोट्या पट्टीचे, वर्णन करताना तिच्या हळुवारपणाचा उल्लेख हमखास होतो. हा दावा खोटा नसला तरी बहुतेक ठिकाणी तो अर्धाच तपासलेला असतो, असे माझे मत आहे.

तुलना नेहमी फ्लो सायटोमेट्रीवर (धारेतून एकेक पेशी नेऊन तपासण्याच्या तंत्रावर) आधारलेल्या सॉर्टरशी, म्हणजे पेशींची वर्गवारी करणाऱ्या यंत्राशी, केली जाते. मॅक फुलवायलर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या आणि पुढे लेनर्ड हर्झेनबर्ग यांनी स्टॅनफर्डमध्ये विकसित केलेल्या या पद्धतीत पेशी साधारण ७० ते १०० मायक्रॉन व्यासाच्या तोटीतून सेकंदाला दहा मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने बाहेर पडतात. धारेचे थेंब होतात, थेंबांना विद्युतभार दिला जातो आणि ते वळवून नळीत गोळा केले जातात. तोटीच्या तोंडाशी एकाएकी वाढणारा वेग आणि शेवटी नळीत होणारा आघात या दोन्हींचा पेशींना त्रास होतो. लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) हे बरेचसे निभावून नेतात. ऊतींपासून सोडवलेल्या चेतापेशींना मात्र ते जड जाते.

चिपमधील चित्र वेगळे असते. २०० मायक्रॉन रुंद आणि ५० मायक्रॉन उंच अशा मार्गिकेतून मिनिटाला १० मायक्रोलिटर द्रव सोडला, तर सरासरी वेग सेकंदाला सुमारे १७ मिलिमीटर येतो. रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ की खळबळता हे सांगणारी संख्या) एकाच्या आसपास राहत असल्याने प्रवाहात भोवरे उठत नाहीत, आणि भिंतीलगतचा कर्तन ताण (वाहत्या द्रवाच्या घासण्याने पडणारा ताण) सुमारे २ पास्कल भरतो, म्हणजे धमन्यांच्या भिंतींना रोज सोसावा लागतो साधारण तेवढाच. मात्र हा ताण उंचीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. प्रवाह तोच ठेवून उंची निम्मी केली की तो चौपट होतो. त्यामुळे एखादी चिप हळुवार आहे असे नुसते म्हणण्याला फारसा अर्थ नाही. कोणत्या मापाची मार्गिका आणि किती प्रवाह, हे सांगितल्याशिवाय ते विधान पुरे होत नाही.

पेशी वेगळ्या करण्याच्या युक्त्यांमध्ये मला प्रिन्स्टनच्या गटाने २००४ मध्ये मांडलेली खांबांच्या रांगांची रचना विशेष आवडते. प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा किंचित सरकवलेली असते. ठरावीक आकारापेक्षा लहान पेशी प्रवाहाबरोबर नागमोडी जात सरासरीने सरळच राहतात, तर मोठ्या पेशी प्रत्येक खांबाशी थोड्या ढकलल्या जाऊन तिरप्या वाटेने बाजूला जातात. तत्त्व देखणे असले, तरी पेशींचा पुंजका अडकला की खांबांमधल्या फटी तुंबतात आणि प्रवाहाचे सगळे गणित बिघडते. ध्वनिलहरींच्या पद्धतीत असे अडथळे नसतात. सुमारे २ मेगाहर्ट्झचा अल्ट्रासाउंड वापरल्यास पाण्यात अर्धी तरंगलांबी ३७५ मायक्रॉन येते, म्हणून मार्गिका तेवढीच रुंद ठेवली जाते; मोठ्या पेशी लहान पेशींपेक्षा लवकर मध्यभागी सरकतात. येथे लक्ष ठेवावे लागते ते तापमानावर, कारण ध्वनिलहरी निर्माण करणारा ट्रान्सड्यूसर तापतो.

मुख्य अडचण वेळेची आहे. मिनिटाला १० मायक्रोलिटर या गतीने एक मिलिलिटर नमुना संपायला १०० मिनिटे लागतात. तेवढा वेळ पेशी इन्क्युबेटरबाहेर असतात, सिरिंजच्या तळाशी बसत राहतात आणि एकमेकींना चिकटतात. सॉर्टरमध्ये क्षणभर सोसलेला मोठा ताण आणि चिपच्या निमित्ताने दीड तासाहून अधिक काळ झालेली उपेक्षा, यांपैकी अधिक अपायकारक काय, याचे उत्तर पेशींच्या प्रकारानुसार बदलते. समांतर मार्गिका वाढवून हा वेळ कमी करता येतो, पण मग सर्व मार्गिकांत प्रवाह सारखा राखणे हेच नवे काम होऊन बसते.

तपासणी बहुधा ट्रिपॅन ब्लूने होते. हा रंग पटल (पेशीचे बाहेरचे आवरण) फाटलेल्या पेशींत शिरतो, म्हणजे त्यावरून कळते ते एवढेच की पटल शाबूत आहे की नाही. पेशी पुढे विभाजित होईल का, पृष्ठभागाला धरून वाढेल का, ताणाला प्रतिसाद देणारी जनुके तिच्यात जागी झाली आहेत का, यांबद्दल तो काही सांगत नाही. म्हणून असा दावा वाचताना मी आधी दोन गोष्टी शोधतो: वेगळ्या केलेल्या पेशी पुढे काही दिवस वाढवून पाहिल्या का, आणि चिपमधून न जाता तेवढाच वेळ बाहेर ठेवलेल्या पेशींशी त्यांची तुलना केली का. ही दुसरी तुलना नसेल, तर दिसलेली हानी चिपची की वाट पाहण्याची, हे ठरवता येत नाही.