मंडळीचे सभासदत्व आणि शास्त्राने न घातलेल्या अटी

नवी मुंबईतील आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) घटनेचा नवा मसुदा सध्या सभासदांपुढे आहे. ख्रिस्तावरील विश्वास आणि बाप्तिस्मा यांखेरीज त्यात सभासदत्वासाठी आणखी तीन अटी आहेत: मद्य कधीही न घेण्याची लेखी शपथ, दशांशाची, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या दानाची, नियमित नोंद आणि रविवारच्या उपासनेला ठरावीक हजेरी. या अटींमागची कळकळ मी जाणतो. तथापि, ज्याला आपण प्रभुभोजनात, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ घेतल्या जाणाऱ्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीत, सहभागी करून घेतो त्यालाच सभासद म्हणून नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, याचे उत्तर मसुद्यात मिळत नाही.

बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र याचे वचन स्वीकारून बाप्तिस्मा घेतलेले सुमारे तीन हजार लोक त्याच दिवशी मंडळीत मिळाले. या प्रश्नाचा खरा कस मात्र पंधराव्या अध्यायात लागतो. सुंतेवाचून तारण नाही, असे काही जण अंत्युखियात शिकवू लागले होते. सुंता तर प्रत्यक्ष मोशेच्या नियमशास्त्रातली. तरीही यरुशलेमेतील सभेने ती परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर, लादली नाही आणि आवश्यक गोष्टींपलीकडे अधिक ओझे घालायचे नाही, असे पत्राने कळवले. त्याच पत्रात मूर्तींना अर्पिलेले पदार्थ, रक्त, गुदमरून मारलेले प्राणी आणि जारकर्म वर्ज्य करण्यास सांगितले आहे, म्हणजे मंडळीला नियम करता येतात, असे आमच्या मंडळीच्या वडिलांपैकी (मंडळीची देखरेख करणाऱ्यांपैकी) एक जण म्हणतात. करता येतात, हे खरेच. पण माझ्या वाचनाप्रमाणे यहूदी आणि परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना एका पंगतीत जेवता यावे, हा त्या नियमांचा मोठा हेतू होता, आणि आपल्या मसुद्यातील अटी नेमक्या उलट्या दिशेने काम करतील.

दारूचा मुद्दा सर्वांत अवघड आहे. दारूपायी उद्ध्वस्त झालेली घरे आमच्या मंडळीतही आहेत, आणि शपथेचा आग्रह धरणाऱ्या भगिनींपैकी काहींनी ते दुःख स्वतः सोसले आहे. शास्त्र मद्यपीपणाला स्पष्ट मनाई करते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मद्यपी बंधूशी संगत ठेवू नका, इतकी कठोर आज्ञा आहे. तीच आज्ञा आपण धैर्याने पाळली तर वेगळ्या शपथेची गरज उरत नाही. परंतु येशूने पाण्याचा द्राक्षारस केला ते काना येथील लग्न आणि पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा दिलेला सल्ला ज्या शास्त्रात आहे, त्याच्या नावाने संपूर्ण वर्ज्यतेची अट घालता येत नाही. अशा शपथेचा उगम एकोणिसाव्या शतकातील मद्यपानविरोधी चळवळीत आहे. अमेरिकेतील बाप्टिस्ट मंडळ्यांत रूढ झालेल्या १८५३ च्या करारनाम्यात ती आढळते. शिवाय ज्याला व्यसन आहे तो सही करून मोकळा होईल आणि मग मदत मागण्याऐवजी व्यसन लपवत राहील, ही भीती मला अधिक वाटते.

दशांशाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. प्रत्येकाने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, असे प्रेषित पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात लिहितो. हजेरीच्या अटीचा फटका कोणाला बसेल, तेवढे पाहावे. आमच्यातील अनेक जण रुग्णालयांत, बंदरात आणि महापे-रबाळे पट्ट्यातील कारखान्यांत पाळीने काम करतात.

एकत्र राहण्यासाठी मतभेद मिटवावेच लागतात असे नाही, याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धतींना तिने जागा दिली. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तर याच्याही पुढे गेले. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांच्या बंधुत्वासाठी. तितक्या पुढे जाण्यास माझे मन तयार नाही, कारण बाप्तिस्मा ही प्रभूची आज्ञा आहे.

व्यवस्थेचे नियम वेगळे. नगर-जालन्याहून येणाऱ्या कुटुंबांकडून आधीच्या मंडळीचे पत्र मागणे किंवा विश्वस्त कायद्याच्या कामासाठी सभासदांची यादी अद्ययावत ठेवणे, यांनी कोणाच्या विवेकबुद्धीवर ओझे पडत नाही. म्हणून वार्षिक सभेपूर्वी मी लेखी दुरुस्ती देणार आहे. शपथ आणि दशांश यांची कलमे सभासदत्वाच्या प्रकरणातून काढून पाळकीय मार्गदर्शनात घ्यावीत, आणि हजेरीची अट केवळ मंडळीतील वडील व सेवक या पदांच्या निवडीसाठी ठेवावी, कारण अशा पदांसाठी वेगळी पात्रता तीमथ्याला पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलेलीच आहे.