सबवूफर, ओटीपी आणि 23 दिवसांचं घुंऽऽ

"आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे." हा मेसेज मला तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा सबवूफरचं, म्हणजे नुसता खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरचं, घुंऽऽ जसंच्या तसं होतं. त्यामुळे पुढचं लिहिणं जरा चिडून झालंय, सांभाळून घ्या.

खरेदीचं आधी उरकतो. सांगलीत विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर आमचं घर, हॉल 14 बाय 11. टीव्ही मोठा आला, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. बायको म्हणाली साउंडबार घ्या, एक वायर, विषय संपला. मला हवे होते दोन बुकशेल्फ स्पीकर, अँप्लिफायर आणि वेगळा सबवूफर. निकाल अण्णांनी दिला. आमचे अण्णा भजनी मंडळात चाळीस वर्षं तबला वाजवतात. त्यांची अट एकच: डग्गा डग्ग्यासारखा वाजला पाहिजे.

ही अट फार कामाची निघाली. दुकानात गेलं की पोरगं लगेच बेस पूर्ण चढवून कसला तरी हाणामारीचा ट्रेलर लावतं. खरा बॉम्बस्फोट आपण कुणी ऐकलाय? त्यामुळे सगळंच भारी वाटतं. आम्ही पेनड्राइव्हवर तबल्याचं रेकॉर्डिंग नेलं होतं. डग्ग्यावर मनगट घासून काढलेला घुमारा एका 12 इंची सबवर नुसता 'धब्ब' झाला, प्रत्येक वेळी तोच धब्ब. दुसऱ्या, 10 इंची सबवर तो वर सरकताना स्वच्छ कळला. अण्णा म्हणाले, "हा घे." घेतला.

त्याआधीच्या दुकानात मी सबवूफर म्हटल्यावर मालकांनी विचारलं होतं, "डॉल्बी पाहिजे काय?" आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात, त्यात त्यांची चूक नाही. पण पुढे ते 5000 वॅटचा डबा दाखवायला लागले. त्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात 'पीएमपीओ' लिहिलेलं असतं, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा, तो सोडून द्या आणि आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, विचारा. साधा हिशेब करा. घरातला छोटा प्लग सहा अँपिअरचा, 230 व्होल्टला जेमतेम 1380 वॅट. त्यातून 5000 वॅट कुठून काढणार?

आता मूळ दुखणं.

कंपनीचा माणूस येऊन जोडून गेला. टीव्हीतून एचडीएमआय वायर अँप्लिफायरला, तिथून एक वायर सबला. सात मिनिटांत काम झालं. "सर, ओटीपी सांगा." मी सांगितला, म्हणजे काम नीट झालं असं मान्य केलं. पहिली चूक ही. तो जिना उतरला, मी टीव्ही म्यूट केला, आणि घुंऽऽ. अण्णा आतून म्हणाले, "तंबोरा कोण लावतंय रे?" तंबोरे बनवणारं मिरज शेजारीच असल्यामुळे आमच्याकडे तंबोऱ्याची शंका आधी येते. पण हा खर्जातला एकच सूर होता, ना वाढायचा ना थांबायचा. नंतर कळलं, तो 50 हर्ट्झ, म्हणजे आपल्या विजेचाच आवाज.

दुकानदार म्हणाला, विक्री आमची, सर्व्हिस कंपनीची. कंपनीच्या नंबरवर भाषा निवडा, एक दाबा, तीन दाबा, आणि मग "आमचे प्रतिनिधी व्यस्त आहेत". चार दिवसांनी तोच पोरगा आला. त्याने सबची सिग्नलची वायर काढली, नुसता प्लग लावला, सब गप्प. "बघा सर, पीस ओके." मी म्हटलं, वायर लावल्यावर बोलतोय ना तो. "मग घरातलं अर्थिंग बघून घ्या. ओटीपी?" मी नाही दिला. संध्याकाळी मेसेज आला: समाधानकारक निवारण. ओटीपीशिवाय ते कसं झालं हे मला आजही कळलेलं नाही.

मग वायरमन. त्याने मीटर लावून अर्थिंग चांगलं असल्याचं सांगितलं, दोनशे रुपये घेतले आणि जाताजाता सल्ला दिला, "साहेब, प्लगची वरची जाड पिन काढून टाका, आवाज जातोय." आवाज जातो हे खरं आहे. पण ती पिन अर्थिंगची. सबच्या मागे धातूची प्लेट असते. आत काही बिघडलं आणि करंट त्या प्लेटवर आला, तर तो जमिनीत जायच्याऐवजी हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल. घरात नात रांगतेय. कुणी कितीही सांगितलं तरी हे करू नका.

दुसऱ्या तक्रारीवर उत्तर आलं की पीस सर्व्हिस सेंटरला आणा. सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला. 14 किलोचं खोकं, ते मी एसटीत घातलं. कंडक्टरने विचारलं, "काय हाय त्यात?" "स्पीकर." "डॉल्बी?" मी हो म्हटलं, वाद घालायचं त्राण नव्हतं. जयसिंगपूरपर्यंत ते मांडीवरच होतं. सेंटरवर दीड तास बाकावर बसवून त्यांनी सब त्यांच्या टेबलावर लावला. गप्प! अगदी शहाण्या मुलासारखा. काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. परतीच्या गाडीतच मोबाईल वाजला: समाधानकारक निवारण. त्या रात्री मी 1915 वर, म्हणजे ग्राहकांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, तक्रार टाकली. दोन दिवसांत कंपनीतून जरा वरच्या साहेबांचा फोन आला. भाषा गोड, उत्तर तेच, आणि मागोमाग तिसरा मेसेज. बायको एवढंच म्हणाली, "साउंडबार."

सुटका केली केबलवाल्या पोराने. तो आला होता सेट टॉप बॉक्स बदलायला. त्याने बॉक्सच्या मागची गोल पिन उपटली आणि घुं बंद. मी ओरडलो, "थांब, परत लाव." घुंऽऽ. "काढ." शांत. तो म्हणाला, "काय झालं दादा?" चार वेळा करायला लावलं मी त्याला. चहा पाजला.

भानगड अशी होती. सबचं अर्थिंग आमच्या बोर्डातून. केबलच्या वायरचं बाहेरचं कवच दुसरीकडे कुठेतरी, गच्चीवर किंवा खांबावर, जमिनीला टेकलेलं. दोन्ही ठिकाणच्या 'जमिनी' तंतोतंत सारख्या नसतात. मग केबल, सेट टॉप बॉक्स, टीव्ही, एचडीएमआय, अँप्लिफायर, सब अशा वळशाने थोडा करंट फिरत राहतो आणि सब तो इमानदारीने वाजवून दाखवतो. सबची वायर काढली की वळसा तुटतो. टेबलावर केबलच नाही, म्हणजे वळसाच नाही. पीस खरंच ओके होता, हे लिहिताना हात जड होतोय. पण ज्याचा हाच धंदा आहे त्याला "केबल काढून बघा" हे तीन शब्द 23 दिवसांत सुचू नयेत?

उपाय: टीव्ही आणि अँप्लिफायरमध्ये एचडीएमआयऐवजी ऑप्टिकल वायर. तिच्यातून वीज जात नाही, नुसता उजेड जातो, त्यामुळे वळसा तिथेच तुटतो. साडेतीनशे रुपये. तोटा एवढाच की टीव्हीच्या रिमोटने आता आवाज कमी-जास्त होत नाही, दोन रिमोट सांभाळावे लागतात. म्हणून अँप्लिफायर घेतानाच मागे ऑप्टिकलचं भोक आहे का ते बघा. आणि वायरलेस सब घेतला असता तर हे रामायण बहुधा घडलंच नसतं. हे घरात अजून कबूल केलेलं नाही.

जागेचं सांगायचं राहिलं. सुरुवातीला सब कोपऱ्यात आणि सोफा मागच्या भिंतीला टेकून, त्यामुळे काही सूर अंगावर यायचे. 14 फूट म्हणजे सव्वाचार मीटर. 40 हर्ट्झची लाट साधारण साडेआठ मीटरची, हॉलच्या दुप्पट. ती दोन भिंतींमध्ये घुमत राहते, भिंतीजवळ जोरात आणि मधोमध जवळपास गायब. उपाय वेडगळ दिसतो पण चालतो: सब उचलून सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, डग्गा लावायचा आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे बेस एकसारखा ऐकू येईल तिथे सबची जागा. मी आणि नात दोघेही रांगलो. आमची जागा टीव्हीच्या डावीकडे, कोपऱ्यापासून तीन फुटांवर निघाली. सोफा भिंतीपासून फूटभर पुढे घेतला.

सबच्या मागच्या क्रॉसओव्हरच्या खुंटीबद्दल, म्हणजे सबने किती हर्ट्झपर्यंतचे सूर वाजवायचे ते ठरवणारी खुंटी: कंपनीच्या पोराने ती 120 वर ठेवली होती, आणि बातम्या देणारा माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटायचं. पुरुषांचा आवाज त्या पट्ट्यात येतो. 80 वर आणली आणि तो विहिरीतून बाहेर आला. खाली जोशीकाकू राहतात, म्हणून सबखाली रबराची जाड मॅट आहे आणि रात्री दहानंतर सब बंद.

अण्णांनी परवा तेच तबल्याचं रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. शेवटी म्हणाले, "डग्गा जरा उतरलाय याचा." म्हणजे वाजवणाऱ्याचा. सबबद्दल काही बोलले नाहीत, मला तेवढं पुरलं.

आणि हो, बिलाचा फोटो काढून ठेवा. ते थर्मल कागदावरचं असतं. कोल्हापूरच्या काउंटरवर ते दाखवलं तोवर तारीख निम्मी पुसट झाली होती.