चेहरा झाकलाय म्हणून बसमध्ये घ्यायचं नाही?

नकाब मला स्वतःला अजिबात पटत नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लगेच "तुला बायकांवरची जबरदस्ती दिसत नाही का" सुरू होतं. दिसते. पण मला न पटणं वेगळं आणि नकाबवालीला सरकारी दारातूनच परत पाठवणं वेगळं.

कॅनडातल्या क्युबेक प्रांतानं ऑक्टोबर २०१७ मध्ये बिल ६२ पास केलं त्यात हे दोन्ही एकत्र कालवलं गेलं. सरकारी सेवा देणाऱ्यानं चेहरा उघडा ठेवायचा, आणि घेणाऱ्यानंही. देणाऱ्याचं एक वेळ समजू शकते, शिक्षिकेचा चेहरा मुलांना दिसावा वगैरे, त्यावर भांडता येईल पण निदान काहीतरी मुद्दा आहे. घेणारीचं काय? टॅक्स तीही भरते, तिकीट तीही काढते.

कायदा झाला आणि बसमध्ये नक्की काय करायचं हेच कोणाला कळेना, अख्खा प्रवास चेहरा उघडा की फक्त चढताना? मग थोड्याच दिवसांत न्यायमंत्री स्टेफनी वाले यांना समजावून सांगावं लागलं की फोटो असलेला पास वापरत असाल तर चढताना चेहरा दाखवा, नंतर झाकलात तरी चालेल. हॉस्पिटलात वेटिंग रूममध्ये झाकलेला चालतो पण स्टाफशी बोलताना उघडा हवा. आणि हो, नियम सगळ्यांना सारखा, गॉगलवाल्यांनाही! (गॉगलसाठी कोणी कायदा करतं का, काहीही.)

ओळख पटवायची गरज मला मान्य आहे बरं का. पासपोर्ट, लायसन्स, परीक्षा, तिथे चेहरा बघायलाच हवा, आणि बाजूच्या खोलीत एखाद्या बाई कर्मचारीनं बघितला की काम होतं. पण लायब्ररीचं पुस्तक परत करायला चेहरा कशाला लागतो?

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते "आम्ही त्यांना मुक्त करतोय" ऐकून. समजा खरंच नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी बळजबरीनं नकाब घालायला लावलाय. मग तिला बस बंद, दवाखाना अवघड, भाषेचा क्लास बंद, म्हणजे राहिलं काय तर तेच घर आणि तीच माणसं. मदत मागायला ती बाहेर पडणार कशी? आणि स्वतःच्या मर्जीनं घालत असेल तर मग कोणापासून सोडवताय तिला?

कोर्टानं डिसेंबर २०१७ मध्ये आणि पुन्हा जून २०१८ मध्ये हे चेहऱ्याचं कलम थांबवून ठेवलं. पुढे २०१९ मध्ये बिल २१ आलं, त्यात सेवा घेणाऱ्यांसाठी अट ओळख आणि सुरक्षेपुरती ठेवली, म्हणजे जे आधीच करता आलं असतं तेच. पण त्याच बिलानं शिक्षिका, पोलीस, सरकारी वकील अशांना ड्युटीवर हिजाब, पगडी, क्रॉस सगळ्यालाच बंदी केली, तो आणखी वेगळाच संताप आहे, त्यावर नंतर कधीतरी लिहीन.

नेदरलँड्समध्येही ऑगस्ट २०१९ पासून बस, ट्रेन, शाळा, हॉस्पिटल, सरकारी ऑफिसात चेहरा झाकायला बंदी आली, तेव्हा तिथल्या वाहतूक कंपन्यांनीच सांगितलं की एका प्रवाशासाठी आम्ही गाडी थांबवून पोलिसांची वाट बघत बसणार नाही. बरोबरच आहे, ड्रायव्हरनं गाडी चालवायची की लोकांचे कपडे तपासायचे?