आमची वाटचाल : पोत्यातल्या मिठापासून पाकिटातल्या मिठापर्यंत

बेळगावच्या रविवार पेठेत आजोबांचं किराणा दुकान होतं. गोकर्णाजवळच्या सानिकट्ट्याचं जाडं, जरा मळकट मीठ पोत्यानं यायचं, लोणच्याला नामी. वडिलांनी पुढं नुसता मिठाचाच होलसेल धरला. मे २००६ मध्ये आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आली, तेव्हा आम्ही बेळगावच्याच उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दळण-पॅकिंगचं छोटं युनिट घातलं. कर्ज आणि लायसनच्या खेपा सगळ्यांच्याच सारख्या, त्या सोडतो.

माल आता बहुतेक गुजरातचा, धुतलेला. मिठाची खरी परीक्षा मात्र मिठागरातच होते. खारं पाणी आटत २५ बॉमेवर (बॉमे म्हणजे पाण्याच्या दाटपणाचं माप) आलं की मीठ धरतं. जिप्सम हा दुसरा क्षार बराचसा त्याआधीच खाली बसतो. २९-३० च्या पुढं मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरू लागतात, म्हणून जाणता आगरवाला उरलेलं पाणी वेळेत सोडून देतो. हाव धरली तर मीठ कडवट होतं, हवेतलं पाणी ओढतं आणि आमच्या पावसाळ्यात पोती गळायला लागतात. म्हणून भाव ठरवण्याआधी आम्ही दर गाडीतल्या तळच्या पोत्यातलं मूठभर मीठ ताटलीत उघडं ठेवतो. सकाळी कडेला पाणी सुटलेलं दिसलं की पुढचं बोलणं वेगळं.

दाण्याचं महत्त्व आम्हाला खानापूरकडच्या पापडवाल्या मावशींनी शिकवलं. "मीठ बदललासा काय ओ? माप तेच, पण पीठ खारट झालंय." मीठ तेच होतं, दळण बारीक पडलं होतं, बारीक मीठ वाटीत जास्त मावतं. तेव्हापासून चाळण्या ठरलेल्या, आणि चाळणी घासली की दुरुस्त करत बसत नाही, बदलतोच.

आयोडीनसाठी पोटॅशियम आयोडेटचं पाणी चालत्या पट्ट्यावर फवारतो. ग्राहकाच्या हाती किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम उरायला हवं, म्हणून इथं जास्त धरावं लागतं. दर लॉटचा नमुना बायको तपासते : स्टार्चनं निळं झालेलं पाणी थायोसल्फेट या आयोडीन मोजायच्या रसायनाच्या कितव्या थेंबाला रंगहीन होतं, त्यावर हिशेब. आकडा जमला नाही तर लॉट परत मिक्सरमध्ये, मग गाडी दारात का उभी असेना.

अथणी-निपाणीकडं कातडी खारवायला बिनआयोडीनचं जाडं मीठ अजून जातं. त्याची पोती लाल दोऱ्यानं शिवतो आणि वेगळ्या शेडमध्ये रचतो.