खझार स्वार, ७५ मिमी: कमरबंद झाला, ढाल कोरीच राहणार

मंडळी, ७५ मिमीच्या या छोट्या पुतळ्याचं चिलखत आणि चेहरा रंगवून झाला. उरलेला सगळा वेळ कमरबंदाने घेतला, आणि तो देण्यासारखाच होता.

खझार म्हणजे कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातले लोक. हा स्वार ८३८ सालचा, अमोरियम या बायझंटाइन शहरावरच्या मोहिमेतला. अब्बासी खलिफा मुअतसिमने तुर्क आणि खझार गुलाम विकत घेऊन स्वतःची फौज उभी केली आणि ८३६मध्ये तिच्यासह बगदादहून सामऱ्याला राजधानी हलवली. या गुलामांना तो किनखापाचे अंगरखे आणि सोनेरी कमरपट्टे देई, इतर सैनिकांत ते उठून दिसावेत म्हणून. त्यामुळे अंगरखा गडद लाल घेतला, त्यावर बारीक गोल नक्षी. पट्ट्याच्या लोंबत्या वाद्या औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाच्या फॉइलमधून कापल्या. सोनेरी रंगावर पातळ तपकिरी वॉश (पाणीदार रंगाचा हात) दिल्यावर त्या खऱ्या ओतीव धातूच्या वाटतात. तलवार जराशीच बाकदार ठेवली आहे, खझार प्रदेशातल्या थडग्यांत मिळते तशी.

नमुना इताखचा. जन्माने खझार, बगदादेत एका मालकाकडे आचारी. ८१५च्या सुमारास मुअतसिमने त्याला विकत घेतलं आणि अमोरियमवर तो सेनानायक म्हणून गेला. ८४७मध्ये मुतवक्किलला खलिफाच्या गादीवर बसवणाऱ्यांत तो होता; पुढे त्याच मुतवक्किलच्या काळात, ८४९मध्ये, बगदादच्या कैदेत पाण्यावाचून मेला. मलिक अंबरवर जीव टाकणाऱ्या आपल्या लोकांनी या माणसाकडेही वळून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

आता ढाल. खझार राजघराण्याने ज्यू धर्म घेतला होता, तेव्हा ढालीवर षट्कोनी तारा काढ, असं काहींनी सुचवलं. मी काढणार नाही. नवव्या शतकात तो तारा ज्यूंची ओळख नव्हता. शिवाय खझारांत मुसलमान, ख्रिस्ती, जुन्या देवांना मानणारे असे सगळेच होते, आणि सामऱ्यात आलेला गुलाम इस्लाममध्ये दाखल होई. एखाद्याचं घराणं ज्यू असलं, तरी ते त्याच्या शस्त्रांवर दिसलं नसतं.

खझारांचं ज्यू असणं दाखवायची जागा म्हणजे पुतळ्याखालची बैठक. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरच्या स्पिलिंग्जच्या खजिन्यात, १९९९मध्ये, ८३७-३८च्या सुमाराचा एक खझार दिरहम (चांदीचं नाणं) सापडला. त्यावर ‘मूसा अल्लाहचा प्रेषित’ असं अरबीत कोरलेलं आहे; मूसा म्हणजे ज्यूंचा मोझेस. म्हणजे माझ्या स्वाराच्याच काळातलं नाणं! त्याची मोठी प्रतिकृती एपॉक्सी पुट्टीत करून बैठकीच्या दर्शनी बाजूला बसवतोय. अक्षरं कोरायला सुईपेक्षा बारीक काय वापरता ते सांगा. घोड्याला अजून प्रायमरच आहे. शेपटीला गाठ मारून मगच रंग.