समुद्रातील पवनचक्क्यांची जागा आणि हातचा गेलेला एक हिवाळा

समुद्रातील पवनऊर्जा प्रकल्पासाठी जागा निवडणाऱ्या गटात पर्यावरणीय परिणामांचे काम माझ्याकडे होते. वारा, पाण्याची खोली, तळाची माती हे सारे वेळेत मार्गी लागले. घोडे अडले ते पक्ष्यांपाशी, आणि त्याचा सल अजून गेलेला नाही.

पक्ष्यांच्या नोंदी दोन वर्षे, दर महिन्याला, विमानातून छायाचित्रे काढून घ्यायच्या होत्या. करड्या लाटांवर दिसणारा फिकट ठिपका पक्षी आहे की फेस, हे ठरवण्यात तासन्‌तास जात. दुसऱ्या हिवाळ्यात वादळांमुळे जानेवारी-फेब्रुवारीची उड्डाणे हुकली. उरलेल्या बावीस महिन्यांच्या आधारे आम्ही ऑक्टोबरमध्ये अहवाल सादर केला. मंजुरी देणाऱ्या कार्यालयाने तो मार्चपर्यंत ठेवून घेतला आणि हिवाळ्याच्या नोंदी अपुऱ्या असल्याची त्रुटी काढून परत पाठवला. ज्या हिवाळ्यात त्या नोंदी घेता आल्या असत्या, तो हिवाळा अहवाल टेबलावर पडून असतानाच निघून गेला होता! म्हणून सांगतो, अहवाल दिल्यानंतरही उड्डाणे थांबवू नका; आम्ही थांबवली, ही आमची चूक.

मागणी मात्र रास्त होती, हे मला मान्य करावे लागते. लाल गळ्याचा डायव्हर हा पक्षी हिवाळा उथळ समुद्रात काढतो आणि पवनचक्क्यांपासून कित्येक किलोमीटर दूर राहतो. पात्यांना धडकण्यापेक्षा चरण्याची जागा गमावणे हाच त्याच्यापुढचा मोठा धोका आहे. ब्रिटनमधील लंडन ॲरे या समुद्री पवनऊर्जा प्रकल्पाचा दुसरा टप्पा 2014 मध्ये सोडून देण्यात आला, त्यामागेही या पक्ष्यावरील परिणामांचा प्रश्न होता.

किनाऱ्यापर्यंतच्या केबलचा मार्गही पहिल्याच सर्वेक्षणात धरावा, हे आधीच सांगायला हवे होते. तसेच खांब ठोकतानाच्या आवाजाचा पॉरपॉईजसारख्या सागरी सस्तन प्राण्यांना त्रास होतो. जर्मनीत 750 मीटर अंतरावर 160 डेसिबलची मर्यादा आहे आणि ती पाळण्यासाठी खांबाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात. त्याचा खर्च जागा ठरवतानाच हिशेबात घ्यावा.

पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत हवेने साथ दिली. त्या दोन उड्डाणांत डायव्हर आमच्या क्षेत्राच्या उथळ ईशान्य कोपऱ्यात एकवटलेले आढळले. तो कोपरा आम्ही स्वतःहून वगळला. मंजुरीच्या कागदांसोबत आलेल्या नकाशावर ती कापलेली कड पाहिली, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले.