काठावरची गर्दी

मंगळवार, रात्री साडेदहा.

आज मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची एक स्लाइड नेहमीपेक्षा बराच वेळ सूक्ष्मदर्शकाखाली राहिली. गाठ स्नायूचा थर ओलांडून चरबीपर्यंत पोहोचली होती, परंतु तपासलेल्या १८ लिम्फ नोडपैकी (लसिका ग्रंथींपैकी) एकातही कर्कपेशी सापडल्या नाहीत. म्हणजे टी३ (गाठीची खोली) एन० (नोड मोकळे), रोगाचा दुसरा टप्पा. एवढे लिहिले की आम्हा पॅथॉलॉजिस्टांचे काम रीतसर संपते. मात्र गाठ जिथे निरोगी भागात घुसत होती, त्या काठावर लिम्फोसाइट (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या) पेशी इतक्या दाटीने जमल्या होत्या की, सर्वांत लहान भिंगातूनही तिथे निळ्या शाईची रेघ ओढल्यासारखी दिसत होती.

शेजारी बसलेल्या निवासी डॉक्टरने विचारले, "मॅडम, हे रिपोर्टात कुठे लिहायचे?" आमच्या नमुन्यात त्यासाठी रकानाच नाही. शेवटी 'शेरा' या शीर्षकाखाली एक ओळ लिहायला सांगितली.

विद्यार्थिदशेत ही गर्दी आम्ही 'दाह' म्हणून एका शब्दात उरकत असू. पॅरिसमधील जेरोम गालों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, आतड्याच्या गाठीत टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) कोणत्या प्रकारच्या, किती दाट आणि नेमक्या कुठे आहेत, यावरून रुग्णाच्या पुढील वाटचालीचा अंदाज बांधता येतो. पुढे सीडी३ आणि सीडी८ हे मार्कर (टी पेशी ओळखण्याच्या खुणा) असलेल्या पेशी गाठीच्या मध्यात व काठावर मोजून 'इम्युनोस्कोअर' ठरवण्यात आला; पेशी जितक्या दाट, तितका स्कोअर वरचा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पडताळणीत १३ देशांतील २,६८१ रुग्ण होते; त्यांतील पहिल्या ७०० जणांच्या गटात पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण वरच्या स्कोअरला ८ टक्के, तर खालच्या स्कोअरला ३२ टक्के आढळले. टप्पा तोच असूनही दोन रुग्णांची वाट वेगळी का होते, याचे किमान काही अंशी उत्तर यात मिळते.

तरीही कोणताही मार्कर ही जन्मपत्रिका नव्हे, हे मी स्वतःलाच बजावत असते. स्तनाच्या कर्करोगातील हर-२ या प्रथिनाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे: १९८७ मध्ये डेनिस स्लॅमन यांनी त्याच्या जनुकाच्या वाढीव प्रतींचा संबंध रोग लवकर उलटण्याशी जोडला, आणि १९९८ मध्ये त्याच हर-२ वर काम करणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत मंजूर झाले. तेव्हापासून 'हर-२ पॉझिटिव्ह' या शब्दांचे वजनच बदलले. (आम्ही रोज लिहितो त्या के-आय-६७ चे, म्हणजे किती पेशी विभागत आहेत हे दाखवणाऱ्या मार्करचे, नाव तर कील शहर आणि प्रयोगाच्या ताटलीतील ६७ वा खळगा यांवरून पडले आहे. एवढ्या साध्या नावापुढची टक्केवारी वाचून घरच्यांची झोप उडते.)

आमच्याकडे सीडी३ चा डाग (त्या पेशी तपकिरी करणारा रंग) लिम्फोमासाठी, म्हणजे लिम्फोसाइटच्या कर्करोगासाठी, नेहमी लावला जातो, त्यामुळे उद्या या गाठीच्या ब्लॉकवरही (मेणात बसवलेल्या तुकड्यावरही) लावून पाहणार आहे. संगणकाने पेशी मोजण्याची सोय नसल्याने तपकिरी ठिपक्यांचा अंदाज डोळ्यांनीच घ्यावा लागेल, आणि तो स्कोअर म्हणून लिहिता येणार नाही.

संध्याकाळी रुग्णाचा मुलगा काउंटरवर आला होता. शेऱ्यातील ओळीवर बोट ठेवून त्याने विचारले, "हे चांगले की वाईट?" "चांगल्याकडे झुकणारे," असे मी म्हणाले. मग त्याने किती टक्के ते विचारले, तेव्हा तो आकडा मी सांगितला नाही.